जुळवणीचा संगणक आणि सुरत

मध्यम खर्चात खेळांसाठी संगणक उभारणे म्हणजे हाती असलेली रक्कम प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, यांच्यात अशी वाटणे की एक भाग दुसऱ्याला अडवून धरणार नाही. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडले जातात आणि साड्यांचे नमुने संगणकावर आखले जातात, त्यामुळे ही वाटणी तेथे हौसेइतकीच पोटापाण्याशीही जोडलेली राहिली. म्हणूनच या शहराच्या अंगाने तिचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते.

जुळवणीचा संगणक शक्य झाला तो आयबीएमच्या एका निर्णयामुळे. 12 ऑगस्ट 1981 रोजी बाजारात आलेल्या तिच्या वैयक्तिक संगणकातील बहुतेक भाग इतर कंपन्यांकडून घेतलेले होते आणि त्यांची रचनाही खुली होती, त्यामुळे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांना त्याच घडणीची यंत्रे काढता आली. पुढे 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक ठरवून दिले. मदरबोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूची भोके आणि वीजजोडणीचा खाचा निश्चित झाल्याने एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसू लागला. भारतात नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने आयातीची वाट मोकळी केली, आणि 1997 मध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात देश सामील झाल्यावर सुट्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली.

पश्चिम भारतात या भागांची मोठी पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीच प्रसिद्ध असलेला हा रस्ता ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रल या स्थानकांच्या लगत आहे. सुरत ते मुंबई सेंट्रल हे अंतर लोहमार्गाने 263 किलोमीटर. पहाटे सुरतेहून सुटून सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचणारी आणि संध्याकाळी परत फिरणारी फ्लाइंग राणी ही गाडी, जिला 1979 पासून दीर्घकाळ दुमजली डबे होते, अशा व्यवहारासाठी जणू बेतलेलीच होती. सकाळी दुकाने उघडण्याच्या सुमारास पेठेत पोहोचून रात्री बोर्ड आणि रॅम घेऊन घरी परतणे एका दिवसात शक्य असल्यामुळे मोठा साठा न करताही सुरतेत या धंद्यात उतरता येत होते. लोहमार्गाचा हा वाटा तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही, पण तो नोंदला जायला हवा.

मध्यम खर्चाची खरी कसोटी 1998 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या स्वस्त प्रोसेसरने घालून दिली. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसची गती, अर्थात बोर्डावरील मुख्य दळणवळणाचा ठेका, गुणिले एक ठरलेला आकडा. या प्रोसेसरात तो आकडा साडेचार होता. 66 मेगाहर्ट्झच्या बसवर त्यातून 300 मेगाहर्ट्झ मिळत, पण 440बीएक्स हा चिपसंच असलेल्या बोर्डावर बस 100 वर नेली की यातील पुष्कळसे प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर विनासायास चालत आणि कितीतरी महाग पेंटियम 2 ची बरोबरी करत. त्यात कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची झटपट स्मृती, फक्त 128 किलोबाइट असली तरी ती पूर्ण वेगाने चाले, तर पेंटियम 2 ची 512 किलोबाइटची कॅशे निम्म्या वेगाने. महागडा प्रोसेसर घेण्यापेक्षा चांगल्या बोर्डावर खर्च करणे शहाणपणाचे, हा धडा जाणकारांनी तेव्हा घेतला आणि तो दीर्घकाळ टिकला.

1999 मध्ये एनव्हीडियाचे जीफोर्स 256 आले आणि पडद्यावरील आकृत्यांचे गणितही ग्राफिक्स कार्ड करू लागले, तेव्हा खर्चाचा तोल हळूहळू त्या कार्डाकडे झुकला. येथे सुरतेचे उदाहरण बोलके आहे. कच्चा हिरा कॅमेऱ्यापुढे फिरवून त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची आणि कोणत्या कापणीत जास्तीत जास्त वजन हाती लागेल हे ठरवायचे, या कामाला तेथे प्लॅनिंग म्हणतात. त्यात असंख्य शक्यता तपासण्याचा मुख्य भार प्रोसेसरवर पडतो. साडीच्या छपाईचे मोठे नमुने हाताळताना रॅम आधी अपुरी पडते. खेळात मात्र 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावरील 20,73,600 ठिपके सेकंदाला 60 वेळा, म्हणजे दर वेळी सुमारे 16.7 मिलिसेकंदांत, रंगवावे लागतात आणि ते काम कार्डाचे असते. तीच रक्कम, तेच सुटे भाग, तरी तिन्ही कामांची वाटणी वेगळी. त्यामुळे काम कोणते हे विचारल्यावाचून दिलेला सल्ला कितीही जाणत्याचा असला तरी फोलच ठरतो.

एसएमपीएसकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही आणि काटकसरीची कात्री बहुधा त्याच्यावरच चालते. फेब्रुवारी 2014 मध्ये आलेल्या जीटीएक्स 750 टीआय या कार्डाला सुमारे 60 वॅट पुरत आणि बोर्डावरील स्लॉटमधूनच 75 वॅटपर्यंत वीज मिळत असल्याने त्याला वेगळी वायर लागत नसे. हलक्या प्रतीच्या डब्यावरही ते निभावून नेई, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होय. सुरतेत कॅबिनेटचाही विचार करावा लागतो. शहराच्या उधना, लिंबायत यांसारख्या भागांत, जेथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, यंत्रमागांचा तंतुमय कचरा हवेत उडत असतो. तो पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पत्र्यांत अडकला की उत्तम भागांचीही गती मंदावते, म्हणून तेथे हवा खेळती ठेवणारे, जाळी काढून झटकता येणारे कॅबिनेट ही चैन मानता येत नाही.

2017 मध्ये एएमडीच्या रायझन 5 1600 ने मध्यम किमतीत सहा कोअर दिले, पण लवकरच आभासी चलनाच्या उत्खननासाठी ग्राफिक्स कार्डांची उचल होऊ लागली आणि 2020 नंतर तर टंचाईने मध्यम खर्चाचा सारा हिशेब मोडून टाकला. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारी उत्खननाची पद्धत सोडल्यावर जगभर वापरलेली कार्डे विक्रीस आली. तेव्हापासून जुने कार्ड घेणारा ग्राहक ते उलटे करून स्क्रूच्या माथ्यावर पेचकसाचे ओरखडे आहेत का, वॉरंटीचा कागदी शिक्का फाटला आहे का, हे पाहतो, पंखा बोटाने फिरवून त्याची घरघर कानाने जोखतो, आणि मगच पैशाची गोष्ट काढतो.