लेसर शक्तिमापन

लेसर शक्तिमापन म्हणजे लेसरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी प्रकाशऊर्जा मोजण्याची प्रक्रिया होय. शक्तीचे एकक वॅट असून १ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. निरनिराळ्या लेसरांची तुलना करताना केवळ वॅटचा आकडा पुरेसा नसतो. ती शक्ती सरासरी आहे की शिखर, प्रकाशाची तरंगलांबी किती आहे आणि मापन कोणत्या संवेदकाने केले, हेही ठाऊक असावे लागते.

सरासरी व शिखर शक्ती

हेलियम-निऑन लेसरचा झोत अखंड असल्याने त्याची शक्ती एकाच आकड्याने सांगता येते. स्पंद लेसरची ऊर्जा मात्र अत्यल्प काळाच्या स्पंदांत एकवटलेली असते. एका स्पंदाच्या ऊर्जेला दर सेकंदाच्या स्पंदसंख्येने गुणल्यास सरासरी शक्ती मिळते, तर त्याच ऊर्जेला स्पंदाच्या कालावधीने भागल्यास शिखर शक्तीचे स्थूल मूल्य मिळते. उदाहरणार्थ, एखादा निओडिमियम-याग लेसर दर सेकंदाला १० स्पंद सोडत असेल आणि प्रत्येक स्पंद १ मिलिज्यूल ऊर्जेचा व १० नॅनोसेकंदांचा असेल, तर त्याची सरासरी शक्ती १० मिलिवॅट, पण शिखर शक्ती सुमारे १०० किलोवॅट भरते. १० मिलिवॅटच्या हेलियम-निऑन लेसरच्या तुलनेत सरासरी शक्ती समान, तर शिखर शक्ती सुमारे एक कोटी पट असते.

संवेदकांचे प्रकार

फोटोडायोड: हा प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. सिलिकॉनचा फोटोडायोड साधारणतः ४०० ते ११०० नॅनोमीटर या पट्ट्यात चालतो. त्याचा प्रतिसाद तरंगलांबीनुसार बदलतो, म्हणून मापकावर योग्य तरंगलांबी निवडणे आवश्यक असते. झोत तीव्र असल्यास तो क्षीण करणारा फिल्टर लावतात.

तापीय संवेदक: यातील काळ्या लेपाची चकती झोत शोषून तापते व निर्माण झालेला तापमानातील फरक तापविद्युत युग्मांनी मोजला जातो. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरसाठी सिलिकॉन निरुपयोगी असल्याने हाच प्रकार वापरतात. त्याचा प्रतिसाद मंद असतो. त्यामुळे स्पंद लेसरची केवळ सरासरी शक्ती कळते.

पायरोइलेक्ट्रिक संवेदक: हा प्रत्येक स्पंदाची ऊर्जा स्वतंत्रपणे मोजतो.

मापकांच्या कॅलिब्रेशनसाठी अतिशीत रेडिओमीटर हे प्राथमिक मानक मानले जाते. त्यात प्रकाशाने निर्माण होणाऱ्या उष्णतेची तुलना ज्ञात विद्युतशक्तीने निर्माण होणाऱ्या उष्णतेशी करतात.

मापन व सुरक्षितता

दृश्य प्रकाशाच्या अखंड लेसरांसाठी वर्ग २ ची मर्यादा १ मिलिवॅट, वर्ग ३आर ची ५ मिलिवॅट व वर्ग ३बी ची ५०० मिलिवॅट आहे. मापन चुकल्यास वर्गही चुकतो. अनेक हिरव्या पॉइंटरमध्ये १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार केला जातो. अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर नसल्यास तो हिरव्या झोतासोबत बाहेर पडतो. डोळ्यांना तो दिसत नसल्याने पापणी मिटत नाही, मात्र दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २०१० मधील अहवालात, १० मिलिवॅट अशी नोंद असलेला एक मंद हिरवा पॉइंटर सुमारे २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश सोडत असल्याचे नमूद आहे. त्यामुळे अशा पॉइंटरची शक्ती अवरक्तरोधक फिल्टर लावून आणि न लावता, अशी दोनदा मोजतात.