पदवीवांचून राहिलेला साहित्याचा विद्यार्थी

साहित्याचा अभ्यासक्रम पत्करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांत पहिल्या दिवशीं दोन भावना एकाच वेळीं वावरत असतात. आवडत्या ग्रंथांच्या सहवासांत कांहीं वर्षें घालवितां येतील, ही एक आशा. आणि परीक्षेच्या मापानें मोजली गेल्यावर ती आवड टिकेल काय, ही एक धास्ती. ‘याचा पुढें उपयोग काय?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्या धास्तींत भरच घालतो. ही मनःस्थिति आजची नव्हे. महाराष्ट्रांत ती आधुनिक उच्च शिक्षणाच्या आरंभापासूनच दिसते, आणि हरि नारायण आपटे यांच्या विद्यार्थिदशेंत तिचें स्वरूप विशेष स्पष्ट होतें.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. आरंभींच्या परीक्षांत मराठीला जागा होती. परंतु १८६० नंतरच्या दशकांत वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळण्यांत आल्या व संस्कृत, लॅटिन इत्यादि अभिजात भाषांना तें स्थान मिळालें. देशी भाषांत उच्च अभ्यासाला पुरेसें वाङ्मय नाहीं, अशी समजूत त्या काळीं प्रबळ होती. परिणाम असा झाला कीं, मराठीची ओढ असलेल्या तरुणाला महाविद्यालयांत शेक्सपियर भेटे, कालिदास भेटे. ज्ञानेश्वर आणि मोरोपंत मात्र त्याला घरींच वाचावे लागत.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. त्यांचे पालन चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं केलें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे गुरु त्यांना लाभले. १८८२ सालीं विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हां या शिष्यानें ‘शिष्यजनविलाप’ हें काव्य लिहिलें. पुढल्याच वर्षीं मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. त्याच १८८३ सालीं आगरकरांचें ‘विकारविलसित’ हें ‘हॅम्लेट’चें रूपांतर प्रसिद्ध झालें, आणि त्यावर हरिभाऊंनीं ७२ पानांची टीका लिहिली. विशीच्या आंतल्या विद्यार्थ्यानें आपल्याच गुरूच्या ग्रंथाची एवढी कसून परीक्षा करावी, यांत त्याच्या साहित्यप्रेमाची खूण पटते.

पण विद्यापीठाच्या परीक्षेंत हें प्रेम कामीं येणारें नव्हतें. तेथें गणित आडवें आलें. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघाल्यावर हरिभाऊ तेथें गेले, तरी अडचण टळली नाहीं. अखेर पदवीवांचूनच त्यांनीं शिक्षण सोडलें. चुलते नामांकित वकील. अशा घरांत पदवी न मिळविलेल्या पुतण्याच्या भवितव्याची काळजी वाटली असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

तथापि १८८५ सालींच ‘मधली स्थिति’ ही त्यांची कादंबरी ‘पुणेंवैभवां’तून क्रमशः येऊं लागली होती. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ पत्र काढलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’नें मराठी घरांतील स्त्रीचें मूक दुःख वाचकांपुढें उभें केलें. अभ्यासाला पुरेसें वाङ्मय नाहीं, या आक्षेपाला यापरतें बोलकें उत्तर दुसरें कोणतें?

इकडे न्यायमूर्ति रानडे विद्यापीठांत देशी भाषांची बाजू नेटानें मांडीत होते. १८९८ सालीं त्यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा इंग्रजींत लिहिला, तो याच प्रयत्नाचा भाग होय. १९०१ च्या आरंभीं रानडे वारले; त्याच सुमारास एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीचा प्रवेश झाला. पुढें १९१५ सालीं विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेंत मराठी भाषेचा उगम व विकास या विषयावर व्याख्यानें देण्याचा मान मिळाला, तो हरिभाऊंना! ज्यांना पदवी मिळाली नव्हती, त्यांच्याच तोंडून विद्यापीठानें मराठीची कथा ऐकली.

यावरून परीक्षा निरर्थक, असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. बंद दार उघडण्यासाठीं झटणारे रानडे हे १८६२ सालच्या, विद्यापीठाच्या पहिल्याच बी. ए. परीक्षेचे पदवीधर होते. एकानें विद्यापीठांत राहून मराठीसाठीं जागा मिळविली; दुसऱ्यानें बाहेर राहून ती जागा शोभविणारें वाङ्मय निर्माण केलें. साहित्याच्या वर्गांत आज भीतभीत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला जें आसन मिळतें, तें या दोघांच्याही श्रमाचें फळ आहे. परीक्षेची चिंता त्यानें अवश्य वाहावी. पण ज्या आवडीनें तो तेथवर आला, तिला गुणांच्या तक्त्यावर तोलूं नये.