ब्रेकची डिस्क कधी बदलायची? उत्तर डिस्कवरच कोरलेले

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्यांची दोन ठिकाणे. शिरूर घोड नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसले आहे. दौंड भीमेच्या काठी असून रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वांना परिचित आहे. पुणे-सोलापूर महामार्ग याच तालुक्यातून यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा पुढे जातो. या भागातील घराघरांत सात-आठ आसनांची गाडी आता नवलाची राहिलेली नाही. रांजणगावच्या महागणपतीचे आणि भीमेपलीकडील सिद्धटेकचे दर्शन, लग्नकार्य, पुण्यातील दवाखाना अशी सारी कामे तीच गाडी करते. तिच्यात आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सारे घर एकाच वेळी बसलेले असते. अशा गाडीचे इंजिन आणि टायर यांकडे मालकाचे लक्ष असते. चाकाच्या आड दडलेल्या ब्रेकच्या डिस्ककडे मात्र ती आवाज करू लागेपर्यंत कोणी पाहत नाही.

डिस्कचे काम काय?

डिस्क अथवा रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड चकती. पेडल दाबताच तेलाच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड या चकतीला चिमट्यात धरतात. इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्यानंतर हा ब्रेक हळूहळू सर्वसामान्यांच्या मोटारीत आला. आपल्याकडील बहुतेक कौटुंबिक गाड्यांमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना आढळते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकत असल्याने थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढच्या डिस्कना करावे लागते.

ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतो. प्रवासी व सामानासह सुमारे १८०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती पूर्ण थांबवताना निर्माण होणारी उष्णता दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेग निम्मा केला, तर ही उष्णता एक चतुर्थांशावर येते. ती प्रथम डिस्कने शोषायची आणि मग हवेत सोडायची असते. डिस्क जितकी झिजून पातळ होईल, तितकी ती लवकर तापते. अतितापलेल्या डिस्कवर पॅडची पकड कमी होते, म्हणजे पेडल दाबूनही गाडी अपेक्षित अंतरात थांबत नाही. डिस्कच्या जाडीला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

येथील रस्ते आणि झीज

शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेतील. वर्षाचा मोठा काळ कोरडा, रस्त्याकडेला धूळ. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती डांबरी रस्त्यावर येते. धुळीचे बारीक कण पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरून सहाणेसारखे काम करतात व डिस्कवर गोल चरे पडतात. हाच चिखल कॅलिपरच्या सरकत्या पिनांपर्यंत पोहोचला की त्या जाम होतात. मग पॅड डिस्कपासून पूर्ण सुटत नाही आणि एकाच बाजूची डिस्क झपाट्याने झिजते.

धोकाही याच हंगामात वाढतो. मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. अशा वेळी थांबण्याचे अंतर थोडे जरी वाढले, तरी तेवढाच फरक जीवावर बेतू शकतो.

गाडी आधी सूचना देते

पॅड संपत आले की बहुतेक गाड्यांत त्यावरील लहान पत्री डिस्कला घासून बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते. ही पहिली सूचना. ती दुर्लक्षिली की पॅडची पोलादी पाठ थेट डिस्कवर घासते व करकर असा आवाज येतो. येथवर वेळ आली, तर केवळ पॅडवर भागणारे काम डिस्कवर जाते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरणे किंवा पेडल पायाखाली धडधडणे, हे डिस्कची जाडी सर्वत्र सारखी न राहिल्याचे लक्षण. गाडी एका बाजूला ओढणे, प्रवासानंतर एकच चाक अधिक तापणे, जळका वास येणे ही अडकलेल्या कॅलिपरची चिन्हे. पेडल हळूहळू खाली जात असेल, तर दोष बहुधा तेलाच्या मार्गात असतो. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी चालवूच नये.

रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तो दोन-चार वेळा ब्रेक लावताच निघून जातो. त्यासाठी डिस्क बदलण्याची गरज नसते.

माप कसे घ्यावे?

'डिस्क गेली आहे, बदलावी लागेल' किंवा 'अजून वर्षभर चालेल' ही दोन्ही वाक्ये गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतात. दोन्हींची शहानिशा करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे माप. किती जाडीच्या खाली डिस्क वापरू नये, हा आकडा बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. गंजामुळे तो दिसत नसेल, तर तारेच्या ब्रशने घासून पाहावा. डिस्कवर नसल्यास दुरुस्ती पुस्तिकेत तो मिळतो.

जाडी मोजण्यासाठी मायक्रोमीटर वापरणे योग्य. साधे व्हर्निअर कडेवरून लावल्यास फसगत होते. कारण पॅड जेथे पोहोचत नाही, त्या बाहेरच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो आणि व्हर्निअर त्याचीच जाडी दाखवते. म्हणून कडेपासून १० ते १५ मिलिमीटर आत, गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजावे. त्यांतील सर्वांत लहान आकडा ही डिस्कची खरी जाडी. निरनिराळ्या ठिकाणच्या आकड्यांत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक असला, तरी तो पेडलवर जाणवू शकतो.

लेथवर घासावी की बदलावी?

उदाहरणादाखल एक डिस्क नवी असताना २२ मिलिमीटर जाड होती आणि तिच्यावर किमान २० हा आकडा कोरला आहे, असे समजू. आज ती २१.४ भरली व धडधड घालवण्यासाठी दोन्ही बाजूंनी ०.२ मिलिमीटर घासावी लागली, तर २१ उरतात. डिस्क पुढे वापरता येते. मात्र ती २०.६ भरली आणि चरे ०.३ मिलिमीटर खोल असले, तर दोन्ही बाजू साफ करताच ती बरोबर २० वर येते. लेथवरून उतरताना ती गुळगुळीत व चकचकीत दिसेल, परंतु पुढच्या काही दिवसांतच मर्यादेखाली जाईल. अशा डिस्कवर घासकामाची मजुरी खर्च करणे व्यर्थ होय. लेथमुळे पृष्ठभाग सपाट होतो, गेलेली जाडी परत येत नाही.

डिस्कला आरपार भेग असेल, तर जाडी कितीही असो, ती बदललीच पाहिजे. डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदलावी आणि तिच्यासोबत पॅडही नवे घालावेत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चरे उमटलेले असतात. ते नव्या डिस्कवर नीट बसत नाहीत.

काम करवून घेताना

गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकांना अडण लावावी आणि केवळ जॅकवर विसंबू नये; स्टँड लावल्याशिवाय कोणी गाडीखाली हात घालू नये. सोडलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. हबचा बसका भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे अत्यावश्यक आहे. तेथे गंजाचा पापुद्रा राहिला, तर नवी डिस्कही किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा धडधड सुरू होते. दोष मात्र डिस्कच्या माथी मारला जातो.

नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे. डिझेल किंवा रॉकेल वापरू नये. त्यांचा तेलकट थर पॅडमध्ये मुरतो. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील तेल वर चढते, त्याकडे लक्ष ठेवावे. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि पुस्तिकेत दिलेल्या ताणानेच आवळावेत. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावे. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर पेडल थेट तळाला जाऊ शकते.

त्यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगावरून २० पर्यंत मध्यम दाबाने सुमारे दहा वेळा वेग कमी करावा आणि मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर अकारण जोराचा ब्रेक टाळावा.

नेहमीची निगा

चाके अदलाबदल करताना पॅड पाहावेत. तीन मिलिमीटरच्या आसपास उरले असता बदलावेत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, ते बदलावे. लांबच्या प्रवासाहून येताच तापलेल्या चाकांवर पंपाचे गार पाणी सोडू नये. अष्टविनायक यात्रेत पाली-महडकडे जाताना बोरघाट उतरावा लागतो. तेथे पायाने सतत ब्रेक धरून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरावे.

नव्या गाड्यांतील एबीएस यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही. पातळ झालेल्या डिस्कची उणीव ती भरून काढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेली गाडी जाणूनबुजून रस्त्यावर आणणे हा गुन्हाही आहे.

यात्रेला किंवा लग्नाला निघण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये नेली जातेच. त्या वेळी मिस्त्रींना दोन आकडे विचारावेत आणि बिलावर लिहून घ्यावेत : डिस्कवर कोरलेला आकडा किती, आणि आज मोजलेला किती? या दोहोंतील अंतर कळले, की डिस्क ठेवायची की बदलायची, याचा निर्णय घरबसल्या करता येतो.