नव्या फ्लॅटमधले 'बग' फोनने कसे पकडायचे?

आईबाबांच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी मी भरपूर फोटो काढले. सगळे सेल्फी! तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावर लोक राहायला आले आणि आमच्या बाथरूमच्या छतावर ओल दिसायला लागली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "वरच्यांनीच काहीतरी तोडफोड केली असणार." छत आधी कोरडं होतं की नाही, हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. ऑफिसात रोज बग रिपोर्ट लिहिणारा मी, घरी मात्र शून्य पुरावा.

बाथरूममधलं वॉटरप्रूफिंग टाइल्सच्या खाली असतं, त्यामुळे टाइल्स बसल्या की ते नीट झालंय का हे कळत नाही. म्हणून त्याआधीच नहाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवतात, 24 ते 48 तास तसंच ठेवतात आणि खालून छत बघतात. बांधकाम चालू असताना बुकिंग केलं असेल तर ही टेस्ट कधी आहे ते विचारा आणि परवानगी काढून व्हिडिओ घ्या. ताबा घेताना निदान एक बादली पाणी ओता. उतार बरोबर असेल तर पाणी ट्रॅपकडे जातं, कोपऱ्यात साचत नाही. (फोनमधल्या बबल लेव्हल अॅपपेक्षा बादली जास्त भरवशाची. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसतच नाही.)

टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही.

भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथली बारीक सरळ भेग बहुतेक वेळा प्लास्टरची असते. वीट आणि काँक्रीट तापमानाने सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून त्या जोडावर प्लास्टरआधी जाळी मारायला हवी. बीम किंवा कॉलमवरच भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, शेजारी नाणं धरून फोटो काढा. महिन्याने परत बघा, वाढली का ते कळेल.

फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले की त्यातली मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि तक्रार ईमेलने करा. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत मोफत दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

मी ईमेलमध्ये हेच कलम लिहून पाठवलं. पुढच्याच आठवड्यात वरच्या बाथरूमच्या टाइल्स निघाल्या. या वेळी पाणी साठवलं तेव्हा खाली मी फोन घेऊन उभा होतो.