श्रोणीबाहेरील एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारख्या ऊती ओटीपोटातील जननेंद्रियांपासून दूर, शरीराच्या अन्य भागांत वाढतात, त्या अवस्थेस श्रोणीबाहेरील एंडोमेट्रिओसिस असे म्हणतात. नाभी, सिझेरियनचा व्रण, श्वासपटल, फुप्फुसे आणि अत्यंत क्वचित मेंदू येथेही त्याची नोंद झाली आहे. हा कर्करोग नव्हे. या ऊती संप्रेरकांना प्रतिसाद देत असल्याने पाळीच्या दिवसांत त्या जागी वेदना, सूज किंवा रक्तस्राव होतो. तक्रारीचे हे मासिक आवर्तन निदानाची महत्त्वाची खूण होय. मात्र ते प्रत्येक रुग्णात आढळतेच असे नाही.

छातीतील आजार

उदरपोकळीबाहेर हा आजार प्रामुख्याने छातीत आढळतो. पाळी सुरू होण्याच्या सुमारास, बहुधा ७२ तासांच्या आत, फुप्फुसाभोवती हवा साठून ते आकसते व धाप लागते. असा रुग्ण मॉरर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये वर्णिला. विकार बहुतांशी उजव्या बाजूस होतो. उदरातील द्रव उजव्या कडेने वर चढून श्वासपटलाखाली पोहोचतो, तेथे ऊती रुजतात आणि पटलास बारीक छिद्रे पडतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. श्वासपटलाच्या मज्जातंतूमुळे वेदना उजव्या खांद्यात जाणवते, त्यामुळे उपचार खांद्यावरच होत राहण्याचा संभव असतो. खोकल्यातून रक्त पडल्यास भारतात प्रथम क्षयरोगाची शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि रक्त दर महिन्याला ठरावीक दिवशीच पडत असेल, तर पाळीच्या तारखा विचारणे अगत्याचे ठरते.

व्रण आणि नाभी

सिझेरियनच्या टाक्यांजवळची गाठ पुष्कळदा हर्निया किंवा टाक्याची गाठ समजली जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी अंतःस्तराच्या पेशी व्रणात रुजल्याने ती निर्माण होते, असे मानतात. नाभीतील गाठ मात्र पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रीसही होऊ शकते. १८८६ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या व्हिलार यांचे नाव तिला मिळाले आहे.

कारणमीमांसा व उपचार

पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरात उतरते, हा सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलेला सिद्धांत प्रसिद्ध आहे. परंतु मेंदूतील आजाराचा उलगडा त्याने होत नाही. तेथे रक्तवाहिन्यांद्वारे प्रसार गृहीत धरावा लागतो.

निश्चित निदान ऊतींच्या सूक्ष्मदर्शी तपासणीने होते. व्रणातील गाठ भोवतालच्या निरोगी ऊतींसह काढतात. छातीत दुर्बिणीद्वारे छिद्रे बुजवून पुढे संप्रेरक-उपचार देतात; तरीही आजार उलटू शकतो.