कृष्णाकाठचे छापखाने आणि अक्षराचे शिक्षण

कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कराडच्या परिसरात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, मुद्रणाचा इतिहास केवळ व्यापारी छापखान्यांचा नाही. विद्या जेथे जोपासली गेली तेथेच ग्रंथही घडवला गेला, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. महाविद्यालयीन कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी स्वतः खिळे जुळवून पुस्तक छापावे ही कल्पना आज नवी वाटली, तरी तिची मुळे या भूमीत खोलवर गेलेली आहेत.

या परंपरेचा आरंभ मिरजेत दिसतो. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रयत्नांतून एका तांबट कारागिराला अक्षरे कोरण्याचे शिक्षण मिळाले आणि नाना फडणीसांनी त्याच्याकडून भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून घेण्याचे काम हाती घेतले. १८०० मध्ये नानांचे निधन झाल्यावर हा कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ मध्ये तेथे गीता छापून झाली. कागदावर अक्षर सुलटे उमटावे म्हणून ते पत्र्यावर उलटे कोरावे लागते. त्यामुळे हे काम करणाऱ्याला प्रत्येक अक्षराचे वळण नव्याने शिकणे भाग पडते.

ताम्रपटावर संपूर्ण पान एकसंध कोरलेले असते, तर खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर सुटे असते. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे हे खिळे खणाखणांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, ठेवलेले असतात. जुळारी एकेक खिळा उचलून हातातील पट्टीवर, म्हणजे स्टिकवर, ओळ रचतो. भरलेल्या ओळी गॅली नावाच्या तबकात उतरवल्या जातात, त्यांची मुद्रिते तपासली जातात आणि शेवटी पाने चौकटीत घट्ट आवळून यंत्रावर चढवली जातात. देवनागरीत हे काम अधिक अवघड ठरते, कारण जोडाक्षरे पुष्कळ आहेत आणि मात्रा, वेलांटी, उकार व रफार अक्षराच्या वरखाली बसतात. डिग्री पद्धतीत ही चिन्हे स्वतंत्र खिळ्यांवर असून ती मूळ अक्षराच्या वर आणि खाली निराळ्या थरांत जुळवावी लागतात. अखंड पद्धतीत अक्षर आणि चिन्ह एकाच खिळ्यावर असल्याने जुळणी सोपी होते, परंतु खिळ्यांचे प्रकार अनेक पटींनी वाढतात.

या कसोटीचे सर्वांत कठीण रूप औंधला पाहावयास मिळते. पंत प्रतिनिधींच्या घराण्याचे मूळ ठाणे कराडला होते. त्याच घराण्यातील औंधचे अधिपती बाळासाहेब ऊर्फ भवानराव पंत प्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि आपल्याच चित्रांनी सजलेले ‘चित्ररामायण’ त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या आश्रयाने पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधला स्वाध्याय मंडळ चालवले आणि मंडळाचे ग्रंथ तेथील भारत मुद्रणालयात छापले जाऊ लागले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घडलेल्या या चित्रकार-पंडिताने वेदसंहिता स्वरचिन्हांसह छापल्या. ऋग्वेदात अनुदात्त स्वरासाठी अक्षराखाली आडवी रेघ, स्वरितासाठी डोक्यावर उभी रेघ असते आणि उदात्त अक्षर चिन्हाविना राहते. यांतील एक रेघ चुकली तर पाठ चुकतो; म्हणून येथे जुळाऱ्याचा हात आणि पंडिताचे ज्ञान एकमेकांपासून अलग ठेवणे शक्यच नव्हते. १९४८ मध्ये मंडळ गुजरातमधील पारडी येथे हलले, तेव्हा औंध या विद्येला मुकले.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेनेही हाच मार्ग धरला. तेथील विद्वानांनी संपादित केलेल्या ‘धर्मकोशा’चा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाठशाळेचे ग्रंथ वाईतच प्राज्ञ मुद्रणालयात छापले गेले. औंध संस्थानाच्या हद्दीत १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत हीच दृष्टी आधुनिक विषयांकडे वळली: चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली आणि पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. बाळासाहेब, सातवळेकर आणि शंकरराव हे तिघेही चित्रकलेत वाढलेले होते ही बाब महत्त्वाची आहे, कारण मजकूर आणि त्याचे दृश्य रूप यांचा विचार त्यांनी एकत्र केला; ग्रंथकला म्हणतात ती हीच.

या वारशाला शिक्षणाची जोड देण्यास कराडइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, स्वावलंबन हे तिचे ब्रीद ठरले, ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तिने रुजवले आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले. हाताचे श्रम हे शिक्षणाचेच अंग आहे, असे मानणाऱ्या या परंपरेत खिळ्यांची कार्यशाळा उपरी ठरणार नाही. संगणकाच्या पडद्यावर जोडाक्षर आपोआप उमटते, त्यामुळे त्याची घडण डोळ्यांआड जाते. तेच अक्षर खिळ्याखिळ्याने जुळवणाऱ्या विद्यार्थ्याला लिपीची रचना, शुद्धलेखनाचे मोल आणि ओळीतील मोकळ्या जागेचे प्रयोजन एकाच वेळी उमगते. म्हणून जुन्या छापखान्यांतील केस, खिळे आणि पायाने चालवायची ट्रेडल यंत्रे भंगारात जाण्यापूर्वी महाविद्यालयांनी ती जतन करावीत आणि खिळे जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या वृद्ध कारागिरांना शिक्षकाचा मान द्यावा. मिरज, औंध आणि वाई येथे जे विद्वान व कारागीर यांनी मिळून केले, ते विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.