श्वासावरचा पहारा



युनियनच्या माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु रुग्णालयातील कामगारांची व परिचारिकांची संघटना बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या कामात एका रात्री जे पाहिले त्यातूनच हा विषय निघाला.

एका तक्रारीच्या चौकशीसाठी मी एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात गेलो होतो. चाळीस रुग्ण आणि परिचारिका एक. खाटांशी अडकवलेले तक्ते मी सहज पाहत गेलो. ताप निरनिराळा, नाडी निरनिराळी. श्वासाच्या रकान्यात मात्र पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत एकच आकडा – २०. मी विचारले, "सिस्टर, सगळ्यांचा श्वास एकसारखा कसा?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, श्वास मोजायला खाटेशी एक मिनिट उभं राहावं लागतं. ते मिनिट मला मिळवून द्या, मी मोजते."

आज बोलायचे आहे ते या एका मिनिटाविषयी.

शरीराच्या खुणा मोजण्याचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक खुणेला कोणी ना कोणी उपकरण दिलेले दिसते. नाडीपरीक्षा आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत आहे. तिथे वैद्याची बोटे हेच उपकरण. १७०७ साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ नाडीसाठी वापरात आणले. १८६८ साली जर्मनीत वुंडरलिखने हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर ग्रंथ लिहिला, आणि तापाचा तक्ता वॉर्डात आला. १८९६ साली इटलीत रिव्हा-रोच्चीने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. श्वासाला मात्र असे सुटसुटीत साधन फार काळ लाभले नाही. छाती वरखाली होताना पाहायची आणि मोजायची. साधन म्हणजे डोळा आणि वेळ. जे मोजायला माणूस लागतो, ते माणसे कमी पडली की प्रथम सुटते.

हा पहारा सुटला तर काय होते आणि तो नीट बसवला तर काय घडते, याचा पुरावा डेन्मार्कमध्ये मिळाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम या साथीच्या रोगांच्या रुग्णालयात सहा महिन्यांच्या आत २,७०० च्या वर रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी ३१६ जणांचे श्वासाचे किंवा गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. रुग्णालयापाशी श्वास देणारी यंत्रे किती? मोठी पेटी एक, आणि छातीवर बसवायची कवचे सहा. पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले.

आता इथली गोम लक्षात घ्या. रक्ताची तपासणी होत होती. रक्तात कार्बन डायऑक्साइडचा अंश फार वाढलेला आढळे. त्याचा अर्थ असा लावला गेला की रक्तात अल्क वाढला आहे, आणि त्याचे कारण काही उमगत नाही. आकडा खरा होता. वाचणारा चुकत होता. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ऑगस्टच्या अखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला विचारविनिमयासाठी बोलावले. भूल देणारा डॉक्टर त्या काळी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर क्वचितच पडे. परंतु निजवलेल्या माणसाचा श्वास आपल्या हाताने चालवणे हेच त्याचे रोजचे काम. इब्सेनने सांगितले की हा अल्क नव्हे, ही कोंडी आहे. फुप्फुसातून वाईट हवा बाहेर जात नाही, म्हणून ती रक्तात साठते. प्राणवायू दिल्यामुळे ओठ गुलाबी दिसतात आणि आत माणूस गुदमरत असतो.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग झाला. तिचे हातपाय लुळे, श्वास अखेरचा. घशाला छेद देऊन नळी बसवली. ती धडपडत होती, हवा आत जाईना. तेव्हा औषधाने तिची धडपड थांबवून इब्सेनने रबरी पिशवी दाबत तिला श्वास दिला, आणि तिची प्रकृती सावरली. पुन्हा कवच बसवले, तर कार्बन डायऑक्साइड वाढला. पुन्हा पिशवी घेतली, तर उतरला. यापुढे वादाला जागा उरली नाही. प्रयोगशाळेत पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता मोजून तीच गोष्ट पक्की केली. मुलगी वाचली.

पण पिशवी आपोआप दाबली जात नाही. एकेका वेळी सत्तर रुग्ण असे श्वासावाचून अडलेले. मग वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले; सुमारे १,५०० तरुण-तरुणी पाळ्या लावून खाटांशी बसले. एकूण १,६५,००० तास त्यांनी पिशव्या दाबल्या. आठ तासांची पाळी धरली, तर या वीस हजारांहून अधिक पाळ्या होतात! जवळ पडदा नाही, घंटा नाही. त्वचेचा रंग, कपाळावरचा घाम, नाडी, रक्तदाब यांवर नजर ठेवायची, आणि घाम फुटला, दाब चढला, की श्वास अपुरा पडतो आहे हे ओळखायचे. रुग्ण शुद्धीवर असत. विद्यार्थी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. मृत्यूचे प्रमाण शेकडा ८७ च्या घरातून उतरत पुढे शेकडा २५ च्या आसपास आले.

१९५३ साली इब्सेनने कोपनहेगनच्या म्युनिसिपल रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागांचा आरंभ बहुधा तिथून मानतात. स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांच्या यंत्राने हातांचे श्रम वाचवले. १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी कानावर प्रकाश टाकून नाडीबरोबर रक्तातील प्राणवायू ओळखण्याची युक्ती मांडली. २०२० आणि २०२१ च्या करोनाच्या लाटांत तेच ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत बोटाला लागले.

यंत्रे वाईट, असे मी म्हणत नाही. त्यांनी असंख्य जीव वाचवले. परंतु बोटावरचे यंत्र प्राणवायू सांगते, कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सांगत नाही. प्राणवायूची नळी लावलेल्या रुग्णाचा आकडा चांगला दिसत असता तो गुदमरू शकतो, म्हणजे १९५२ चाच फसवा गुलाबी ओठ. शिवाय २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की प्राणवायूची छुपी टंचाई या यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये सुमारे तिप्पट वेळा निसटते. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने याची दखल घ्यायला हवी. १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देताना पाळायचे किमान नियम प्रसिद्ध केले. त्यांत यंत्रांची नावे आहेत, पण भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियाभर खोलीत हजर राहावे, हाही नियम आहे.

आता त्या वॉर्डाकडे परत जाऊ. चाळीस रुग्ण, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे चाळीस मिनिटे. पाळीत दोनदा मोजायचे तर ऐंशी. त्यात नाडी नाही, औषधे नाहीत, सलाईन नाही, मृताच्या नातलगांना धीर देणे नाही. एकट्या बाईने हा हिशेब कसा बसवावा? तिने लिहिलेला वीसचा आकडा खोटा होता, हे मी लपवणार नाही. श्वास चढू लागणे ही बिघाडाची फार आधी मिळणारी खूण. ती हुकली तर मरणारा बहुधा गरिबाघरचाच असतो. म्हणून त्या खोट्याला मी माफी देत नाही. पण तो तिच्या एकटीचा खोटेपणा नव्हे. एका परिचारिकेवर चाळीस खाटा टाकणाऱ्या प्रत्येकाची सही त्या रकान्यात आहे.

कोपनहेगनने माणसे मोजून घेतली, पाळ्या बांधल्या आणि खाटेशी माणूस बसवला. तेव्हा मरण हटले. आपण नातलगाला भेटायला रुग्णालयात जाल, तेव्हा तक्त्यातला श्वासाचा रकाना अवश्य वाचा. सगळीकडे एकच आकडा दिसला, तर सिस्टरवर ओरडू नका. या पाळीला किती माणसे आहेत, हे विचारा. आणि तोच प्रश्न घेऊन वरच्या कचेरीत जा. आम्ही युनियनवाले तिथे आधीच उभे असू. आपण आलात तर आमचा आवाज वाढेल.